एकच पातेले, सर्वांची ताटे



घरातील वडीलधाऱ्या माणसाला पथ्य लागले, की स्वयंपाकघरात हळूहळू दोन पातेली दिसू लागतात. एकात घरच्या सर्वांची आमटी, दुसऱ्यात आजोबांची अळणी आमटी. एका कढईत मुलांसाठी काही चमचमीत, तर दुसऱ्या भांड्यात आजींसाठी मुगाची खिचडी. यामागे काळजीच असते, यात शंका नाही. परंतु काही महिन्यांनी त्या वेगळ्या ताटाची वेळही वेगळी होते. गोळ्यांची वेळ सांभाळायची म्हणून आजींना साडेसातला वाढून दिले जाते आणि बाकीची मंडळी साडेनऊला जेवतात. आजी एकट्या जेवू लागतात, आणि एकट्याने जेवणारा माणूस चार घास कमीच खातो.

कसबा पेठेतील माझ्या दवाखान्यात सुना-मुले जी तक्रार घेऊन येतात, तिचे शब्दही जवळजवळ ठरलेले असतात : “डॉक्टर, आईंना हल्ली जेवणच जात नाही.” ही तक्रार क्षुल्लक समजू नये. ६० किलो वजनाच्या व्यक्तीचे वजन सहा ते बारा महिन्यांत कोणताही प्रयत्न न करता ३ किलोंहून अधिक, म्हणजे ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर ‘वय झाले, असे व्हायचेच’ म्हणून ते सोडून देता येत नाही. दातांची दुखणी, कवळी सैल होणे, थायरॉइड, अनियंत्रित मधुमेह, काही औषधे, मनाची उदासीनता, क्वचित कर्करोग, अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. त्यांचा शोध प्रथम घेतलाच पाहिजे. मात्र हे सारे तपासून झाल्यावरही पुष्कळदा एक साधे कारण शिल्लक राहते. समोरच्या ताटात त्या माणसाला गोडी उरलेली नसते. वयाबरोबर वास आणि चव जाणण्याची शक्ती मंदावते. त्यातच ताट अळणी असते, आणि सोबत कोणी नसते.

म्हणून या अंकात मी एका अशा पदार्थाविषयी लिहिणार आहे, जो एकाच पातेल्यात शिजतो आणि घरातील ८० वर्षांच्या आजोबांपासून ८ वर्षांच्या नातवापर्यंत सर्वांच्या ताटात जातो. नातवंडे ज्याच्यासाठी हट्ट धरतात त्या पास्त्यावरचा टोमॅटोचा सॉस. इटालियन घरांतील त्याच्या साध्या प्रकारात दूध, लोणी, चीज, साय, अंडे यांपैकी काहीही नसते. आजच्या भाषेत ज्याला ‘व्हीगन’ म्हणतात, तसा तो मुळातच असतो.

अळणी लागत नाही, याचे कारण

रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना मीठ कमी करा असे सांगणे सोपे असते. कमी मिठाचे अन्न गोडीने खाणे अवघड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमच्याहून कमी मीठ घ्यावे. लोणचे, पापड, फरसाण, पाव यांतूनच त्यातला मोठा वाटा संपून जातो.

पिकलेल्या टोमॅटोत आंबटपणा आणि गोडवा तर असतोच. शिवाय ग्लुटामेट नावाचा एक नैसर्गिक घटक भरपूर असतो. हाच घटक जिभेवर ‘भरलेली’ चव निर्माण करतो. टोमॅटो उघड्या पातेल्यात मंद आचेवर आटवला की पाणी उडून जाते आणि या तिन्ही चवी दाट होतात. त्यामुळे अगदी थोड्या मिठातही हा सॉस अळणी लागत नाही. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलासोबत घेतल्यावर शरीरात अधिक शोषले जाते, हेही खरे आहे. उलट ‘क’ जीवनसत्त्व मात्र शिजवताना घटते. लायकोपीनने अमुक रोग टळतो असे दावे जाहिरातींत दिसतात. ते इतक्या ठामपणे करण्याजोगा पुरावा नाही. हा सॉस औषध म्हणून नव्हे, तर चांगले जेवण म्हणून करावा.

‘बाजारात तयार बाटली मिळते, मग हा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्यासाठी बाटलीमागचा तक्ता वाचण्याची सवय लावून घ्यावी. तेथे ‘मीठ’ असा शब्द नसून ‘सोडियम’ असा असतो. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. तयार पास्ता सॉसच्या अर्ध्या वाटीतच बरेचदा साधारण एवढे मीठ असते. ज्या टोमॅटो केचपला आपण घरोघरी ‘सॉस’ म्हणतो, त्याच्या एका मोठ्या चमच्यात मिठाबरोबर जवळजवळ एक लहान चमचा साखरही असते. पास्त्यावर केचप ओतून मधुमेही आजोबांना ‘थोडेसेच’ देणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

हा पाहुणा तितका परका नाही

ज्येष्ठ वाचकांपैकी काहींना ‘हे इटालियन आम्हांला कशाला?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. सोळाव्या शतकात तो युरोपात आला आणि पुढे पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे पोहोचला. इटलीतही त्याला प्रारंभी फारसा मान नव्हता. नेपल्सच्या अंतोनिओ लातिनी यांच्या १६९० च्या दशकातील पाकशास्त्रावरील ग्रंथात टोमॅटोच्या सॉसची कृती आढळते, आणि तीसुद्धा ‘स्पॅनिश पद्धतीचा’ सॉस म्हणून. बारीक शेवयांसारख्या पास्त्यावर टोमॅटो घालण्याची कृती इप्पोलितो काव्हालकान्ती यांच्या पुस्तकाच्या १८३९ सालच्या आवृत्तीत येते. म्हणजे ज्याला आपण फार प्राचीन इटालियन भोजन समजतो, त्याची ही छापील कृती शनिवारवाड्यावरची पेशवाई संपल्यानंतर वीसेक वर्षांनी लिहिली गेली आहे. विदर्भात ज्याला ‘भेदरं’ म्हणतात, तेच हे फळ आपल्या साराला, चटणीला आणि कोशिंबिरीला केव्हाच आपलेसे झाले आहे.

पास्त्याचेही तसेच. वाळवलेला साधा पास्ता म्हणजे ड्युरम जातीच्या गव्हाचा रवा आणि पाणी, एवढेच. आपल्याकडे जो बन्सी रवा मिळतो, तो याच जातीच्या गव्हाचा. ज्या आजींनी तरुणपणी लग्नघरात मांडी घालून गव्हले, मालत्या आणि नखुल्या वळल्या आहेत, त्यांना पास्त्याच्या निरनिराळ्या आकारांचे नवल वाटू नये. नखाने दाबून केलेली नखुली आणि अंगठ्याने दाबून केलेला शिंपल्यासारखा पास्ता या एकाच कल्पनेच्या दोन बहिणी आहेत. नातवाला हे आजींनीच सांगावे.

शाकाहारी घरांसाठी दोन सूचना. ताज्या पास्त्यात अनेकदा अंडे असते, म्हणून पाकिटावरचे हिरवे चिन्ह पाहून वाळवलेला पास्ता घ्यावा. आणि पारंपरिक पद्धतीच्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या सॉसला चीज लागतच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

भांडे कोणते घ्यावे?

आमच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तेथे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे, आणि अलीकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांची हौस नव्या पिढीलाही लागली आहे. पाहुण्यांसमोर पितळेच्या पातेल्यातून वाढणे देखणे दिसते. परंतु टोमॅटो आम्लधर्मी आहे. कल्हई नसलेल्या तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात तो शिजवला किंवा नुसता ठेवला, तरी आम्लामुळे तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, उलट्या, पोटात कळा असा त्रास होऊ शकतो. जुन्या बायका चिंचेची आमटी बिनकल्हईच्या पातेल्यात करू देत नसत, ते याचसाठी. कल्हई म्हणजे नवसागराच्या साहाय्याने आतून चढवलेला कथलाचा पातळ थर. तो झिजून आतला लालसर किंवा पिवळा धातू दिसू लागला, की त्या भांड्यात आंबट काहीही शिजवू नये. पुन्हा कल्हई करून घ्यावी.

नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यातही आंबट पदार्थ फार वेळ उकळू नये. लोखंडी कढईत टोमॅटो शिजवला तर अन्नातील लोहाचे प्रमाण पुष्कळ वाढते. रक्तक्षयाच्या दृष्टीने ते उपकारक असले, तरी पाऊण तास आटवलेल्या सॉसला लोखंडाची चव आणि काळपट रंग येतो. म्हणून जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे पातेले सर्वांत सोयीचे.

साहित्य (६ जणांसाठी)

पिकलेले लाल टोमॅटो १ किलो. लसणाच्या ८ पाकळ्या. १ मध्यम कांदा. १ लहान गाजर. ३ मोठे चमचे तेल. अर्धा लहान चमचा मीठ. आणि सुगंधासाठी पाने.

मंडईत दोन प्रकारचे टोमॅटो दिसतात. गोल, पातळ सालीचा गावठी टोमॅटो चवीला आंबट आणि रसाळ असतो. लांबट, घट्ट टोमॅटोत गर जास्त आणि पाणी कमी असते. सॉससाठी लांबट टोमॅटो घ्यावेत. जोडीला एक-दोन गावठी असले तर चव खुलते. टोमॅटो कच्चट असतील तर दोन दिवस फ्रीजबाहेर ठेवून पिकू द्यावेत.

तेल ऑलिव्हचेच हवे, असा आग्रह नाही. परवडत असेल आणि चव आवडत असेल तर जरूर वापरावे. अन्यथा आपले शेंगदाण्याचे तेल उत्तम चालते. सुगंधासाठी इटालियन लोक बेसिलची पाने घालतात. ती आपली वृंदावनातील तुळस नव्हे. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी आपण ज्याचे बी भिजवून पितो, तो सब्जा आणि बेसिल मात्र एकाच जातीचे. गॅलरीतल्या कुंडीत सब्जा पेरला, तर त्याची कोवळी पाने सॉसमध्ये घालता येतात. वास किंचित वेगळा, परंतु त्याच कुळातला. ओरेगॅनोऐवजी ओव्याचे एखादे पान बारीक चिरून घालावे. यांपैकी काहीच नसेल तर कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या घालाव्यात. आपला सॉस काही त्यामुळे बिघडत नाही.

कृती

टोमॅटो धुऊन प्रत्येकाच्या तळाशी सुरीने फुलीच्या आकाराची चीर द्यावी. उकळत्या पाण्यात १ मिनिट ठेवून लगेच गार पाण्यात टाकावेत. साल आपोआप सुटते. कवळी असलेल्यांना सालीचे तुकडे हिरडीखाली अडकून त्रास देतात, म्हणून साल काढण्याचा कंटाळा करू नये. बियांभोवतीच्या गरात पुष्कळ चव असते. तो टाकू नये. टोमॅटो हातानेच कुस्करून घ्यावेत. हे काम खुर्चीत बसून करता येते आणि ज्येष्ठांच्या बोटांना हलका व्यायामही होतो.

पातेल्यात तेल कोमट झाल्यावर बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परतावा. मग लसणाच्या चकत्या आणि किसलेले गाजर घालून २–३ मिनिटे परतावे. लसूण तांबूस होऊ देऊ नये. करपलेल्या लसणाचा कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. टोमॅटोचा आंबटपणा कमी करण्यासाठी बरेच जण साखर घालतात. तिची जागा येथे गाजराने घेतलेली आहे.

आता कुस्करलेले टोमॅटो आणि मीठ घालून एक उकळी आणावी, आच मंद करावी आणि झाकण न ठेवता ३५ ते ४० मिनिटे शिजू द्यावे. मधूनमधून तळापासून ढवळावे. पातेल्यातील ऐवज निम्म्याच्या आसपास आला, कडेला तेल दिसू लागले आणि पळी फिरवल्यावर तळावर क्षणभर रेघ राहिली, की सॉस झाला. गॅस बंद करून पाने हातानेच तोडून घालावीत.

एकजीव सॉस हवा असेल तर तो पूर्ण निवल्यावरच मिक्सरमधून काढावा. गरम सॉस बंद भांड्यात फिरवल्यास वाफेच्या दाबाने झाकण उडते आणि हात-तोंड भाजते. घरात रवी असेल तर तिनेच घुसळणे अधिक सुरक्षित.

पास्ता उकळण्याच्या पाण्यात इटालियन लोक सढळ हाताने मीठ घालतात. आपण ते घालू नये. पास्ता गाळण्यापूर्वी अर्धी वाटी पाणी मात्र काढून ठेवावे. त्यातील पिठामुळे सॉस पास्त्याला धरून राहतो. एवढ्या मिठाचे सहा वाटे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे अर्धा ग्रॅमच मीठ येते.

पातेले एक, ताटे निरनिराळी

या पदार्थाचा खरा उपयोग येथे आहे. मीठ, तिखट, चीज हे सारे पातेल्यात न घालता ज्याचे त्याने आपल्या ताटात घ्यावे. तरुण मंडळींनी कुटलेल्या लाल मिरच्या घ्याव्यात, मुलांनी हवे तर चीज किसून घ्यावे, आजोबांनी मिरपूड घ्यावी. पातेल्यातून वाढले जाणारे मात्र सर्वांसाठी एकच असावे.

मधुमेह असलेल्यांनी पास्ता मोजून घ्यावा. ५० ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण दोन मध्यम फुलक्यांइतकी कर्बोदके असतात. म्हणून पास्ता हा पोळी-भाताच्या ऐवजी घ्यावयाचा. पोळी-भातानंतर नव्हे, आणि सोबत पावही नको. ताटात प्रथम वाटीभर काकडी-गाजराची कोशिंबीर किंवा वाफवलेल्या भाज्या असाव्यात. पास्ता फार गळू दिला तर रक्तातील साखर अधिक वेगाने वाढते, म्हणून दात चांगले असलेल्यांनी तो किंचित करकरीत ठेवावा.

कवळी असलेल्यांसाठी हा नियम सैल करावा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा २–३ मिनिटे अधिक शिजवावा, आणि लांब स्पॅगेटीऐवजी लहान आकाराचा पास्ता किंवा आपल्या जाडसर शेवया घ्याव्यात. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर हा किंवा कोणताही नवा पदार्थ देण्यापूर्वी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. अशा व्यक्तींना पातळ रसात घट्ट तुकडे असलेले अन्न सर्वांत धोक्याचे. सॉस दाट आणि एकजीव असावा. जेवताना ताठ बसवावे, घास लहान द्यावा, आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

नुसता पास्ता आणि टोमॅटो यांत प्रथिने पुरेशी होत नाहीत. ज्येष्ठांना सर्वसाधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज किमान १ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सुचवतात. म्हणून सॉसमध्ये शिजवून घोटलेली मसुरीची डाळ किंवा कुस्करलेले छोले घालावेत. अर्धी वाटी शिजलेल्या छोल्यांतून सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात, सॉस दाटही होतो, आणि मुलांच्या लक्षातही येत नाही. बारीक केलेले सोयाबीनचे वडे किंवा टोफूही चालतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. हा पदार्थ बिनदुधाचा आहे, याचा अर्थ ज्येष्ठांनी दूध-ताक सोडावे असा नाही. ज्यांना दुधाने पोट फुगते, किंवा ज्यांनी विचारपूर्वक प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य केले आहेत, त्यांची येथे सोय होते, इतकेच. जे पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेतात, त्यांना ‘बी-१२’ जीवनसत्त्व अन्नातून मिळत नाही. ते गोळी किंवा इंजेक्शनच्या रूपात घ्यावेच लागते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी रोजची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्येही ‘बी-१२’ कमी होऊ शकते. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसराळूपणा वाढणे अशी लक्षणे असतील तर तपासणी करून घ्यावी.

कोणी सावध राहावे?

मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सॉस खाऊ नये. १०० ग्रॅम टोमॅटोत सुमारे २४० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. आटवल्यावर पाणी उडते, पोटॅशियम नाही. या कृतीतील एका वाट्यात ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. निरोगी मूत्रपिंडाला हे काहीच नाही. अशक्त मूत्रपिंडाला ते झेपेलच असे नाही, आणि रक्तातील पोटॅशियम फार वाढले तर हृदयाची लय बिघडते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधेही पोटॅशियम वाढवू शकतात. औषध स्वतःहून बंद करू नये. मात्र रक्ततपासणीत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम किती आले, हे ठाऊक असावे.

याच कारणाने ‘कमी सोडियमचे मीठ’ विचारपूर्वक घ्यावे. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा वरील औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते.

आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी हा सॉस रात्रीऐवजी दुपारी आणि थोडाच खाऊन पाहावा. छातीत जळजळ झाली तर आग्रह धरू नये. रात्री खायचाच असेल तर झोपण्यापूर्वी २ ते ३ तासांचे अंतर असावे.

मुतखड्याच्या भीतीने टोमॅटो वर्षानुवर्षे बंद केलेली पुष्कळ माणसे मला भेटतात. मुतखड्यात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराशी निगडित ऑक्झलेट टोमॅटोत पालकाच्या मानाने फारच कमी असते. बहुतेकांना टोमॅटो सोडण्यापेक्षा पाणी पुरेसे पिणे आणि मीठ कमी करणे अधिक उपयोगी ठरते. आपला खडा कोणत्या प्रकारचा होता, हे मात्र डॉक्टरांना विचारावे.

साठवण

आपल्या पुणे जिल्ह्यातील नारायणगावचा बाजार टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे, आणि या पिकाच्या भावाचे हेलकावेही सर्वांना परिचित आहेत. २०२३ च्या जुलैत किलोला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागले. तर कधी भाव इतका कोसळतो, की शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतून देतात. स्वस्ताईच्या दिवसांत तीन-चार किलोंचा सॉस एकदम करून ठेवणे शहाणपणाचे.

तो निवल्यावर, दोन तासांच्या आत, काचेच्या स्वच्छ बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावा आणि ३ दिवसांत संपवावा. अधिक दिवसांसाठी बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या पिशवीत भराव्यात. फ्रीझरमध्ये त्या २–३ महिने टिकतात. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना हे फार सोयीचे : तीन-चार वड्या काढल्या, गरम केल्या, की एका माणसाचे जेवण झाले. लोणच्याप्रमाणे वर तेल घालून हा सॉस फ्रीजबाहेर मात्र कधीही ठेवू नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आणि मीठ व आंबटपणा लोणच्याइतका नसल्याने तेथे बॉट्युलिझमचे प्राणघातक विष तयार होण्याचा संभव असतो. त्याचा वास किंवा चव आगाऊ सूचना देईलच असे नाही.

या पंधरवड्यात एवढे करावे

येत्या रविवारी सकाळी हा सॉस करून पाहावा. लसूण सोलण्याचे आणि टोमॅटो कुस्करण्याचे काम घरातील ज्येष्ठांकडे द्यावे. आजोबांनी आयुष्यात स्वयंपाकघरात पाऊल टाकले नसेल, तरी त्यांनाही बोलवावे. पातेल्याच्या तळावर रेघ उमटते की नाही, हे पाहण्याचे काम त्यांना द्यावे. ज्या अन्नाला आपला हात लागला, ते अन्न माणूस अधिक आवडीने खातो. सर्वांनी एका वेळी, एका पंगतीला बसावे. त्यासाठी आजींचे जेवण उशिरा करण्यापेक्षा बाकीच्यांनी लवकर जेवावे; ते सर्वांनाच हितकारक आहे. जेवणाशी निगडित असलेल्या इन्सुलिनची किंवा गोळ्यांची वेळ त्या मानाने सांभाळावी.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला घरातील ज्येष्ठांचे वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावे. तो आकडा सलग दोन-तीन महिने खाली येत असेल, तर केवळ चवीचे उपाय करत न बसता त्यांना घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.